वाणातले पाटे

नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पण लिहिताना 'हे' आणि 'आमचे हे' किती वेळा लिहिणार? म्हणून सरळ सत्यजीत लिहिते. तसाही तो आत्ता गाडीखाली आहे, त्याला काही ऐकू जाणार नाही.

लग्न झालं तेव्हा सत्यजीत रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. पगार वेळेवर, कँटीन चांगलं, जायला-यायला बस. सगळं नीट होतं, फक्त माणूस नीट नव्हता. घरी आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाई. एकच नट दिवसभर आवळला." मला वाटायचं, आपल्याशी लग्न करून पस्तावला की काय! मग एक दिवस कुणाला न विचारता त्यानं नोकरी सोडली आणि एक जुनी पिकअप दारात आणून उभी केली. त्या संध्याकाळी गाडी धुताना तो शीळ घालत होता. ती शीळ ऐकली आणि मी ठरवून टाकलं, की ही गाडी या दारातून जाऊ द्यायची नाही.

माझ्या सासऱ्यांनी, हौसरावांनी, मात्र वेगळंच ठरवलं होतं. मामंजी म्हणजे इनामगावातलं वजनदार माणूस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते खाकरले तरी अर्धे ठराव पास व्हायचे. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "नदीतल्या वाड्या उठेपातुर बघतो. माल नीट गेला तर गाडी तुझी. न्हाईतर इकायची आन् गप कंपनीत जायचं. तवर मी हिच्यात पाय ठेवायचा न्हाई." मामंजींनी शब्द दिला की दिला. त्यांनी खरोखरच पाय ठेवला नाही. शिरूरला जायचं तरी फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहायचे, आणि शेजारून आमची गाडी गेली तर दुसरीकडं बघायचे.

वाड्या म्हणजे कलिंगडाच्या. उन्हाळ्यात घोड नदी आटली की पात्रातल्या वाळूत खड्डे घेऊन वेल लावतात. बानूबाईची वाडी त्यात सगळ्यांत मोठी. तिचा सासरा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. बानूबाईनं मेंढरं विकली, घर बांधलं आणि नदी धरली. कलिंगड मात्र ती अजून मेंढरासारखंच सांभाळायची. एकेकाच्या पाठीवरून हात फिरवून तोडायची. अडचण एवढीच, की वाडीपासून सडकेपर्यंतची वाट वाळूतली आणि शेवटी दरडीवरून उभी चढणारी. गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावर खोदकाम करणारे लोक सांगायचे, की इथं हजारो वर्षांपासून वस्ती आहे. असेल. पण इतक्या वर्षांत त्या दरडीला कुणी साधा उतार काढला नव्हता.

पहिल्याच खेपेला गाडीनं वाळूत ढुंगण टेकलं. मागची चाकं वर पत्र्याला घासायला लागली. निम्मा माल उतरवून बैल लावावे लागले, आणि ते बैल कुणाचे? मामंजींचे!

इथून पाट्याचं प्रकरण सुरू झालं. पाटा म्हटलं की मला वरवंटा आठवायचा. पण गाडीच्या मागच्या दांड्यावर लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते, एकीखाली एक लावलेल्या वाकड्या पट्ट्या, त्या प्रत्येक पट्टीला पाटा म्हणतात. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जो बसेल तो सल्ला द्यायचा, "एक पाटा वाढव." सत्यजीतनं वाढवला. दुसरा म्हणाला, "एकानं काय हुतंय?" दुसरा वाढवला. पलीकडच्या गावातल्या एकाच्या गाडीला नऊ पाटे होते, हे कळल्यावर तर आमच्याकडं लढाईच पेटली. भंगारातून मोठ्या ट्रकचे जाडजूड पाटे आणले, खाली-वर करून ठोकून बसवले आणि अकरा झाले तेव्हा कुठं टपरीचा जीव शांत झाला. मागच्या फळीवर पेंटरकडून लाल अक्षरात लिहूनही घेतलं, 'अकरा पाटी वाघ'. नवऱ्याचं कौतुक करावं म्हणून मीही त्या वाघाला ओवाळलं. आता सांगताना हसू येतं.

गाडी मागून अशी उचलली गेली, की दारात उभी असली तरी कुणाच्या तरी पाया पडतेय असं वाटायचं. ओझं मात्र घ्यायची. काहीही भरा, तसूभर खाली बसायची नाही. सत्यजीत मिशीला पीळ देत फिरायला लागला.

मग कलिंगडं फुटायला लागली.

भरताना चांगली. दौंडच्या बाजारात उतरवताना खालच्या थरातली तडकलेली, आणि हौद्यातून लाल पाणी गळतंय. आधी वाटलं, माल जास्त पिकलाय. मग वाटलं, पेंढा कमी पडला. पेंढा वाढवला, पोती अंथरली, गाडी बैलाच्या चालीनं नेली. तरी फुटायचीच. दरडीवर तर आणखी निराळा तमाशा. एक चाक खड्ड्यात गेलं, की दुसरं उचलून हवेत गरगरायचं आणि गाडी जागच्या जागी वाळू उडवत बसायची. एकदा माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, रिकाम्या गाडीत मागं बसून आल्या. उतरल्या त्या कंबर धरूनच. म्हणाल्या, "अनुपमा, ह्याच्यापरीस मला पाट्यावर घालून वाटली आसती तर बरं झालं असतं." बानूबाई तर तोंडावरच म्हणाली, "सत्यजीत, तुझ्या गाडीत कलिंगड भरलं की दौंडात सरबत उतरतंय. माझा शेवटचा तोडा तेवढा राहिलाय. त्याला मी दुसरी गाडी बघू का?"

त्या रात्री सत्यजीत भिंतीकडं तोंड करून झोपला. मला जे कळायचं ते कळलं.

आता माझ्या माहेराबद्दल. माझे वडील भिमाजी, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, दौंडच्या रेल्वेत होते. डब्यांच्या आणि मालगाडीच्या वाघिणींच्या खालच्या कामात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन कॉलनीजवळच दोन खोल्या बांधल्या, कारण शंटिंगचा आवाज आला नाही तर त्यांना झोप लागत नाही. नम्रता नावाचा गुण आप्पांच्या अंगाला कधी शिवला नाही. "माझ्या हातचा डबा वाकडा चालला तर मिशी काढीन," हे त्यांचं वाक्य सगळ्या दौंडला पाठ होतं. यार्डात त्यांचा आवाज इंजिनाच्या वर जायचा. पण जावई दारात आला, की हा माणूस असा मऊ व्हायचा की माझ्या आईला, सोजरबाईला, हसू आवरत नसे. "या. बसा. पाणी घ्या." याच्या पलीकडं चौथं वाक्य नाही. जावई म्हणजे देव. देवाला कुणी चूक दाखवतं का?

त्यात आणखी एक. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही जुनी रीत आप्पांनी रेल्वेच्या नियमासारखी धरली होती. इनामगावला आले तर ओट्यावर बसायचे, रेल्वेतला फिरकीचा तांब्या सोबत असायचा, त्यातलं दौंडचं पाणी प्यायचे आणि ऊन उतरायच्या आत परत. मामंजींना ते मनातून लागायचं. "आमच्या हिरीला काय किडं पडल्यात का?" असं ते मला एकदा म्हणालेही. पण व्याह्याला कसं सांगणार?

मे महिन्यात दुसऱ्या एका वाडीची अशीच एक खेप घेऊन आम्ही दौंडला गेलो. माल उतरवला, फुटलेला वेगळा काढला आणि जेवायला माहेरी. आप्पा दारात उभे होते. गाडी वळली तसे ते तिच्या मागच्या अंगाकडं बघत राहिले, 'अकरा पाटी वाघ' वाचलं आणि त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. तोंडातून मात्र निघालं, "या. बसा. पाणी घ्या."

जेवण झालं, सत्यजीत आतल्या खोलीत आडवा झाला. मी आप्पांना परसात गाठलं. "तुम्हाला कळलंय काय बिघडलंय ते. सांगत का नाही?"

"जावयाला सांगू?" आप्पा असे दचकले, जणू मी त्यांना चालत्या गाडीतून उडी मारायला सांगितलं. "आगं, सासरा जावयाच्या गाडीखाली शिरला तर लोक काय म्हणत्याल?"

"मग ती गाडी विकली जाईल. माझं माणूस परत भिंतीकडं तोंड करून झोपंल. ते चालेल तुम्हाला?"

मी रडले नाही. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग आतल्या खोलीकडं पाहिलं. घोरणं ऐकू येत होतं. म्हणाले, "दाराशी उभी ऱ्हा. हालला तर खोक." आणि धुतलेल्या पांढऱ्या पायजम्यानिशी, साठी उलटलेला माझा बाप, सुतळीचा तुकडा घेऊन जावयाच्या गाडीखाली शिरला.

आतून फक्त पुटपुटणं येत होतं. "हे काय... आरारारा... ट्रकचा पाटा... ह्यो तर उलटा..." सुतळीला गाठी मारून मापं घेणं चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या सरूबाई आल्या. त्यांना गाडीखालून फक्त दोन पाय दिसले. "आगंबया! भिमाजीभाऊ का ते? खाली काय करताय?"

गाडीखालून आवाज आला, "मांजर शिरलंय."

सरूबाईंचा जीव मांजरांवर. त्या लागल्या "माऊ, माऊ" करायला. एवढंच नाही, घरातून वाटीभर दूध घेऊन आल्या. त्या आवाजानं सत्यजीत उठून बाहेर आला. मी इतकी खोकले की आईनं पाणी आणलं. आप्पा बाहेर निघाले. पायजम्यावर ग्रीसचे पट्टे, कपाळावर काळं बोट. "गेलं मांजर," म्हणाले आणि मोरीकडं चालते झाले. बिचारा सत्यजीत, त्यानं सरूबाईंच्या समाधानासाठी गाडीखाली वाकून बराच वेळ मांजर शोधलं.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलावून, लक्ष्मी-नारायणाच्या जागी बसवून जेवू घालायचं, वाण द्यायचं. लग्नानंतरचा आमचा पहिलाच धोंडा, म्हणजे मानाचा. वाणाला जाळीची, छिद्राची वस्तू लागते, म्हणून तेहतीस अनारसे देतात, ते नाही जमलं तर बत्तासे. वर दिवा ठेवतात. आणि मुख्य म्हणजे धोंड्याचं वाण परत करायचं नसतं. जे दिलं ते जावयानं घ्यायचं आणि वापरायचं.

इकडं मामंजींनी काष्टीकडचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. ते रविवारी गाडी बघायला नदीवर येणार होतं. बानूबाईचा शेवटचा तोडाही त्याच दिवशी. तिनं दुसरी गाडी बघितली नाही, एवढीच मेहेरबानी. म्हणाली, "ह्या टायमाला बी सरबत झालं, तर माझा तुला रामराम हाय." धोंड्याचं जेवण शुक्रवारी ठरलं. वाटेत सत्यजीत एवढंच म्हणाला, "शेवटचं जाऊन येऊ गाडीतनं."

आईनं पाट मांडले, रांगोळी काढली. आम्हाला बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मग आप्पांनी आतून परात आणली. आणली म्हणजे काय, आप्पा आणि आई दोघांनी मिळून आणली आणि ठेवताना जमिनीनं आवाज केला. वर नवा कोरा टॉवेल झाकलेला. आईनं कडेला अनारशांचं ताट ठेवलं, पण माझं लक्ष परातीकडंच. एवढं जड काय? पितळी समई? आप्पांनी मला काहीच सांगितलं नव्हतं.

सत्यजीतनं टॉवेल उचलला.

परातीच्या बाहेर दोन्हीकडं हातभर येणारे, काळे, तेल लावून चकचकीत केलेले दोन सरळ लोखंडी पाटे. त्यांना हळद-कुंकवाची बोटं लावलेली. एकावर दिवा.

मी सत्यजीतकडं बघायचं टाळत होते, तरी बघितलंच. त्याचे कान लाल झाले होते. सासऱ्यानं चूक दाखवली, तीही भर वाणात, ओवाळून! त्यानं हात पाटाच्या कडेला टेकला. जावई न जेवता पाटावरून उठला, तर ते घर बारा महिने कुणाला तोंड दाखवू शकत नाही. आणि आप्पा, यार्डातला तो वाघ, फरशीकडं बघत उभे होते. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांचीही इतकी माया आली, की कुठं बघावं कळेना.

सत्यजीतनं एक पाटा हातात घेतला. उलटा केला. मधल्या भोकात बोट घातलं.

"वाणात हे चालतंय व्हय?" त्यानं हळू विचारलं.

आप्पा फरशीलाच म्हणाले, "वाणाला छिद्राची वस्तू लागती. ह्याला मधी भोक हाय."

बाहेर कुठंतरी मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत गेले. मग सत्यजीतच्या मिशीचं एक टोक हललं.

"मामा, त्या दिवशीचं मांजर ते हेच का?"

आधी आई हसली. मग आप्पांच्या घशातून काहीतरी फुटलं आणि त्यांना हसता हसता उचकीच लागली. मी पदर तोंडाला लावला, पण त्याआड मी हसत नव्हते, हे मलाच माहीत.

"आता जावयाचा मान म्हणून मी बी एक मागतो," सत्यजीत म्हणाला. "ह्यो पाटा कुठं, कसा बसवायचा, ते तुम्ही माझ्यासंगं गाडीखाली येऊन दाखवायचं. लपून न्हाई. दिवसाढवळ्या."

"आधी पुरणाचे धोंडे खा!" आई ओरडली.

धोंडे खाल्ले. किती ते विचारू नका, दोघांनी पैजेवर खाल्ले. मग आप्पांनी जुना खाकी शर्ट चढवला, जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे दिले आणि दोघं शेजारी शेजारी उताणे गाडीखाली गेले. माझ्या आयुष्यात मी बरीच देखणी दृश्यं पाहिली असतील. पण गाडीखालून बाहेर आलेल्या त्या पायांच्या दोन जोड्या, एक पोलिसासारखी सरळ आणि एक उत्साहानं हलणारी, यापेक्षा देखणं मला काही आठवत नाही. सरूबाई दूध घेऊन पुन्हा आल्या होत्या. त्यांना म्हटलं, आज मांजरं दोन आहेत.

आता आप्पांचा आवाज परत जागेवर आला होता. चौकापर्यंत जात होता.

"पाटं मोजून ताकद येत न्हाई! कमान म्हंजी लवली पायजे. तुम्ही ट्रकचं पाटं घालून तिची काठी करून टाकली. खड्डा आला की सगळा दणका वर. मग कलिंगड फुटंल न्हाई तर काय हुईल? आन् चाक खाली जाणार कसं? लवतच न्हाई, मग लटकतंय वर."

"मग वजन?"

"त्यालाच हे वाण. गाडीचं मूळचं पाटं तेवढं ठेवा, ट्रकचं सगळं काढा. ह्यो जाड, सरळ पाटा सगळ्यांच्या खाली. गाडी रिकामी आसली की ह्याची टोकं कुणाला शिवत न्हाईत. वरचं लवतंय, गाडी मऊ चालती. वजन भरलं, वरचं दबलं, की येऊन टेकतंय ह्याच्यावर. मग ह्यो हालत न्हाई."

मग सत्यजीतचा आवाज आला, "म्हंजी एरवी मधी बोलायचं न्हाई. ओझं आलं की खांदा द्यायचा."

"व्हय."

"सासऱ्यासारखा."

आप्पांचा पान्हा दगडावर पडल्याचा आवाज आला. उत्साहानं हलणारे त्यांचे पायही थांबले होते.

ट्रकचे पाटे निघाले, उलटे बसवलेले सुलटे झाले, पाट्यापाट्यांत ग्रीस गेलं. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली आणि नीट, चार पायांवर उभ्या राहणाऱ्या जनावरासारखी उभी राहिली. सत्यजीतनं स्वतः पत्र्याचा तुकडा घेऊन 'अकरा पाटी' खरवडून काढलं. वाघ तेवढा ठेवला. फाट्यावर टपरीवाल्यांनी ओरडून विचारलंच, "काय रं, पाटं इकून खाल्लं का?" सत्यजीतनं गाडी थांबवली, खिडकीतून मान काढली आणि म्हणाला, "सासऱ्यानं काढून टाकलं. वाण म्हणून." ज्या माणसाला टपरीपुढं मान खाली घालणं जमत नव्हतं, त्यानं हे छाती काढून सांगितलं. मला तो तेव्हा लग्नातल्यापेक्षा जास्त आवडला.

रविवारी सकाळी आप्पाही आले. "घरी येत न्हाई. नदीपातुर येतो, पाटा बसला का बघतो आन् जातो," म्हणाले. काखेत फिरकीचा तांब्या होताच.

बानूबाईनं तोडा काढून ठेवला होता. एकेक कलिंगड हात फिरवून हौद्यात रचलं. थर चढत गेले तशी गाडी सावकाश खाली बसत गेली, बसत गेली, आणि एका जागी थांबली. आप्पा वाळूत आडवे होऊन खाली बघत होते. उठून हात झटकले आणि सत्यजीतकडं बघून फक्त मान हलवली. टेकला होता.

मी आणि बानूबाई मालावर बसलो. आणि कुणी न सांगता सासूबाईही पदर खोचून चढल्या. "मोडायची आसंल तर आज समदीच मोडू द्या," म्हणाल्या. आप्पा पुढं सत्यजीतशेजारी. दरडीच्या माथ्यावर मामंजी हाताची घडी घालून उभे, शेजारी ते काष्टीचं गिऱ्हाईक.

गाडी वाळूतून निघाली. मी दात आवळून बसले होते, सवयच ती. पण दणका आलाच नाही. खड्डा आला की गाडी आत जायची आणि वर यायची, दम धरून, न आदळता. दरडीशी तीच जुनी जागा आली. डावं चाक खड्ड्यात उतरलं, हौदा कलला, सासूबाईंनी माझं मनगट धरलं. मी वाकून उजव्या चाकाकडं पाहिलं. ते हवेत नव्हतं. वाळूला धरून होतं. कमान एकीकडं दबली, दुसरीकडं उघडली आणि दोन्ही चाकं माती पकडून आम्हाला वर घेऊन चालली. बानूबाई म्हणाली, "आगं, ही तर पाण्यावर चालल्यागत चालती." तिच्या तोंडून एवढं कौतुक मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

माथ्यावर गाडी थांबली. आप्पा आणि सत्यजीत उतरले, पण सत्यजीत वडिलांकडं गेला नाही. फळी खाली करून बाजूला उभा राहिला. त्याचे ओठ कोरडे पडलेले मला वरून दिसत होते.

मामंजी आले. वरची कलिंगडं बाजूला करत करत त्यांनी हात पार तळाला घातला, बरोबर मागच्या चाकावरच्या जागी, जिथली नेहमी फुटायची. एक बाहेर काढलं. उन्हात फिरवून पाहिलं. कानाशी धरून बोटानं वाजवलं. दुसरं काढलं. तिसरं. मग गिऱ्हाइकाकडं वळून म्हणाले, "पावणं, उगाच तरास दिला तुमाला. गाडी इकायची न्हाई."

सत्यजीत गाडीच्या पुढच्या अंगाला गेला. टायर तपासायला गेला, असं सगळ्यांनी धरून चाललं.

मामंजींनी हातातलं कलिंगड फळीवर ठेवलं, बानूबाईचा कोयता घेतला आणि फोडलं. पहिली फोड घेऊन ते आप्पांसमोर गेले. आप्पांचा हात सवयीनं तांब्याकडं गेला. "नको व्याही, तुमाला ठावं हाय आमची रीत," ते पुटपुटले.

"ठावं हाय," मामंजी म्हणाले. "लेकीच्या घरचं खायाचं न्हाई. पर हे घर न्हाई, नदी हाय. नदीतलं पीक कुठल्या लेकीचं नसतंय. घ्या."

फोडीतून रस मामंजींच्या मनगटावर गळत होता, तरी त्यांचा हात तसाच पुढं होता. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी कलिंगडांच्या ढिगावर बसून मान हलवली. आप्पांनी तांब्या खाली ठेवला, फोड दोन्ही हातांनी घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. माझ्या सासरच्या मातीतलं माझ्या वडिलांनी खाल्लेलं ते पहिलं.

मग मामंजी गाडीकडं गेले, केबिन सोडून मागंच चढले आणि आमच्याशेजारी मालावर मांडी घालून बसले. "चला दौंडला," म्हणाले. "व्याह्यांना घरी सोडायचंय."

आप्पांनी साल हातात धरून ठेवली होती. बाहीनं तोंड पुसलं आणि घसा खाकरून, यार्डातल्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "आणखी एक फोड हाय का?"